लेकीच्या आवाजाच्या फाइली

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो लेकीसाठी. ती तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि वर्षातले कितीतरी दिवस घरीच असायची. तिला सिकलसेल होता, रक्ताचा जन्मापासूनचा आजार. थंडी वाढली, पाणी कमी प्यायलं गेलं, कधी काहीच कारण नसलं तरी हाडं दुखायला लागायची, आणि दुखणं असं की पोरगी उशीत तोंड खुपसून पडून राहायची. रोज बाहेर जाऊन नोकरी करणं आपल्याला झेपणार नाही, हे तिला आमच्या आधी समजलं होतं.

"बाबा, मले घरी बसून करता येईल असं काम पाहिजे," ती म्हणाली. मग आम्ही सीताबर्डीच्या बाजारातून कॉम्प्युटर आणला.

मी कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होतो. निवृत्त झाल्यावर वसाहतीतलं क्वार्टर सोडलं आणि कोराडी रोडलाच लहानसं घर बांधलं. समोरची खोली लेकीला दिली, कारण त्या खोलीला दोन खिडक्या होत्या. त्यातल्या एका खिडकीखाली तिचं टेबल. वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिल्ट्या ती घरून कॉम्प्युटरवर चढवून द्यायची. माल कुठून आला, कुठं चालला, किती नग. बरं नसलं तरी पडल्या पडल्या तिचं लक्ष तिकडंच असायचं.

पण तिचं मन लागायचं ते दुसऱ्या कामात. शहरात एक वाचनालय होतं, अंध विद्यार्थ्यांसाठी शाळेची पुस्तकं आवाजात भरून देणारं. कॉलेजातल्या मैत्रिणीनं तिला तिथं नेलं. तिचा आवाज त्यांना आवडला. तेव्हापासून ती घरी बसून धडे वाचायला लागली. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र. टेबलावर लहानसा माइक, समोर पुस्तक. कूलरचा आवाज माइकमध्ये यायचा म्हणून मे महिन्यातही ती कूलर बंद करायची, खिडक्या लावून घ्यायची आणि घामानं ओलीचिंब होऊन नद्यांची खोरी वाचायची. माझी बायको दारात बसून राहायची. भाजीवाला ओरडत आला तर त्याला हातानं पुढं जा म्हणून खुणवायची.

तरी घरातले आवाज यायचेच. कुकरची शिट्टी व्हायची. मग वाचन तिथंच थांबायचं आणि रेकॉर्डिंगमध्येच लेक ओरडायची, "आई वं, गॅस बंद कर ना! मी वाचून राहिली!" की आतून आईचं, "झालं वं माय, झालं." मग दोघींचं हसू. मग लेक घसा साफ करायची आणि पुन्हा पुस्तकातल्या भाषेत सुरू करायची. वाचनालयाला पाठवताना ती हे सगळं कापून टाकायची आणि स्वच्छ धडा पाठवायची. कापायच्या आधीच्या फाइली मात्र तिनं कधी पुसल्या नाहीत. "राहू दे," म्हणायची, "जागा हाये भरपूर."

कॉम्प्युटरची राखण तीच करायची. रविवारी सकाळी चहा झाला की तपासणी लावायची. अँटीव्हायरस चालू आहे का, नवीन अपडेट आले का, सगळं पाहायची. काम झालं की एका वेगळ्या हार्ड डिस्कवर सगळ्या फाइलींची नक्कल उतरवायची, ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. एकदा माझ्या साळ्यानं लग्नाच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह दिला आणि मी तो तसाच लावायला गेलो, तर तिनं माझा हात धरला.

"बाबा, बाहेरून आलात की हातपाय धुता ना तुमी? मग हे काहून तसंच घुसवता?"

मी तिला विचारायचो, तू नसशील तेव्हा कसं करायचं सांगून ठेव. तेव्हा मला म्हणायचं होतं, तू दवाखान्यात भरती असशील तेव्हा. ती म्हणायची, "मी येतो ना करायले." लाडात आली की ती मुलासारखं बोलायची. आम्ही काही शिकलो नाही. घरात एकाला येत असलं की बाकीच्यांचं शिकायचं राहून जातं.

ती गेली तेव्हा थंडी होती. नेहमीसारखंच दुखणं वाटलं होतं. दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं, दुसऱ्या दिवशी छातीत भरलं आणि श्वास लागला. त्यातून ती बाहेर आली नाही. भरती व्हायच्या दिवशी सकाळी ती टेबलावरच होती. नक्कल उतरवायला डिस्क लावलेली होती. दुखायला लागलं तशी ती उठली आणि पलंगावर आडवी झाली. डिस्क लावलेलीच राहिली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परत गेले. बायकोनं एवढंच सांगितलं, "तिच्या टेबलावरचं काही हलवायचं नाई." मलाही तेच पाहिजे होतं. पेन, चष्म्याची डबी, अर्धवट वाचलेलं पुस्तक, कॉम्प्युटरला लावलेली डिस्क, सगळं जसंच्या तसं ठेवलं. बायको रोज फडक्यानं टेबल पुसायची, पण वस्तू उचलून पुन्हा तिथंच ठेवायची. आमच्या भागात वीज केंद्राची राख फार बसते. खिडकी बंद असली तरी संध्याकाळपर्यंत बोट फिरवलं की काळं होतं.

काही आठवड्यांनी बायकोनं कॉम्प्युटर सुरू केला. लेकीनं तिला एवढंच शिकवलं होतं: सुरू कसा करायचा, फोल्डर कसं उघडायचं, आवाज कसा लावायचा. दुपारी जेवण झालं की ती त्या खोलीत जायची आणि धडे ऐकायची. न कापलेले धडे. मी आतल्या खोलीत आडवा होऊन ऐकायचो. मान्सूनचे वारे, ग्रामपंचायतीची रचना, आणि मधेच, "आई वं, कोण आलं दारात?" पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा बायको खरंच उठून दाराशी गेली होती.

पडद्यावर कोपऱ्यात पाट्या यायच्या. अँटीव्हायरसची मुदत संपली. नवीन अपडेट आले आहेत, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. बायको मला बोलवायची.

"अजी, हे काय म्हणून राहिलं?"

"काही बदलवायचं म्हणून राहिलं."

"नको. जसं हाये तसं राहू द्या. बदलवलं नि तिचं काही गेलं तर?"

मीही पाटी बंद करायचो. लेकीनं ठेवलेला पडदा, तिनं मांडलेल्या फोल्डरांच्या रांगा, मागं तिनं लावलेलं तलावाचं चित्र, यातलं काहीही हलू नये असं आम्हा दोघांना वाटायचं. घर जसं ठेवतो तसा कॉम्प्युटरही ठेवता येईल असं आम्ही समजत होतो. बाहेर रोज नवं काहीतरी निघत असतं आणि तो तसाच ठेवला की उघडा पडतो, हे आम्हाला सांगणारी आता घरात नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात मी एक दिवस खाप्याला गेलो होतो. माझी मोठी बहीण तिथं राहते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सकाळच्या बसनं गेलो. संध्याकाळी परत आलो तर दार नुसतं लोटलेलं. समोरच्या खोलीत बायको खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर. कूलर बंद होता. पडद्यावर लाल रंगाची चौकट आणि इंग्रजी मजकूर.

"काय झालं वं?"

ती पडद्याकडंच पाहत राहिली. म्हणाली, "माह्या हातानं गेली ती."

काय झालं ते तिनं मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. काही त्याच संध्याकाळी, काही नंतरच्या दिवसांत भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना.

दुपारी ती नेहमीसारखी धडा लावायला बसली. मधेच पाटी आली की आवाज वाजवणारा प्रोग्राम जुना झाला आहे, नवा घ्या, नाहीतर फाइली वाजणार नाहीत. आवाज बंद पडेल या भीतीनं तिनं त्यावर दाबलं. लगेच सगळा पडदा लाल झाला आणि भोंगा वाजायला लागला. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, बंद केला तर सगळा डेटा जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. हिंदीत कोणी बाई तेच तेच सांगत होती आणि मागं भोंगा चालूच.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही आयुष्यभर वीज केंद्राच्या वसाहतीत राहिलो. अवेळी भोंगा झाला की बायका हातातलं काम टाकून क्वार्टरच्या बाहेर येऊन उभ्या राहत, आपला माणूस ड्यूटीवर आहे का, कुठल्या युनिटला आहे, एकमेकींना विचारत. बायकोच्या अंगात ते मुरलेलं आहे. माझ्या कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला की पहिली शिकवण होती, आवाज बंद करा, पाहा, मग हात लावा. ती शिकवण मी कधी घरी आणली नाही. घरी आणायची ती गोष्टच नव्हती. बायकोला भोंगा म्हणजे एकच माहीत होतं, आपलं माणूस संकटात आहे.

तिनं मला फोन लावला. मी बसमध्ये होतो, मला ऐकू आला नाही. मग तिनं पडद्यावरचा नंबर लावला.

पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "माताजी, घबराइए मत. कंप्यूटर बंद मत कीजिए." त्यानं सांगितलं तसं तिनं एक एक दाबलं. थोड्या वेळानं पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. त्यानं भोंगा बंद केला, आणि तेवढ्यानंच तिचा त्याच्यावर विश्वास बसला. तो विचारत होता, घरात कोण कोण आहे, यात काय आहे. तिनं सगळं सांगितलं. माझी मुलगी होती, ती गेली, यात तिचा आवाज आहे. तो म्हणाला, "मैं हूँ ना माताजी. आपकी बेटी की आवाज़ को कुछ नहीं होगा."

हे सांगून तिनं हातातली भाजी खाली ठेवली. म्हणाली, "मले वाटलं, देवमाणूस भेटला."

मग त्यानं पैसे मागितले. बँकेच्या कार्डाचा नंबर सांगा म्हणाला. तिच्याकडे कार्ड नव्हतं, मोबाइलवरून पैसे पाठवता येत नव्हते. ती म्हणाली, हे संध्याकाळी येतील, त्यांना सांगते, ते देतील. त्याचा आवाज बदलला. "फिर हमारे पास टाइम नहीं है." ती म्हणाली, "बेटा, थोडा रुक जा." तिनं त्याला बेटा म्हटलं होतं, हे तिला नंतर फार लागलं. तो म्हणाला, रोना बंद करो, पैसे का इंतज़ाम करो. मग फोन कटला.

पण बाण फिरतच होता. तिच्या डोळ्यांदेखत फोल्डर उघडलं गेलं आणि फाइलींची नावं बदलायला लागली. एकेका नावापुढं अक्षरांचं लांबच लांब शेपूट लागत गेलं, वरून खाली, भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र. तिनं वायर ओढली नाही. बंद केलं तर सगळं जाईल, असं तोच सांगून गेला होता.

त्या संध्याकाळी मी वायर ओढली. तोवर काही उरलं नव्हतं, पण ओढली. मग तिच्याजवळ बसलो.  मी म्हणालो, "तू काही नाही केलं वं. त्यानं केलं." ती म्हणाली, "फोन मीच लावला ना."

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर आणि ती वेगळी डिस्क पिशवीत घालून सीताबर्डीला नेली. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान एक बाई चालवत होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग कॉम्प्युटरमधली डिस्क काढून त्यांच्याकडच्या एका वेगळ्या मशीनला लावून पाहिली. 

"काका, फाइली आहेत," त्या म्हणाल्या. "पण त्यांना कुलूप लावलंय त्यानं. किल्ली त्याच्याचकडे. आम्ही ते तोडू शकत नाही, कोणीच नाही. आणि पैसे दिले तरी तो उघडून देईल याचा भरवसा नसतो."

"हिच्यात नक्कल आहे," मी दुसरी डिस्क पुढं केली.

त्यांनी ती हातात घेतली. "ही कॉम्प्युटरला लावलेलीच होती का तेव्हा?"

"हो."

त्यांनी ती लावून पाहिली. तिच्यातल्या फाइलींनाही तीच शेपटं होती. कॉम्प्युटरला जोडलेलं जे जे सापडतं ते सगळं त्या माणसानं आत सोडलेला प्रोग्राम कुलूपबंद करतो, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. म्हणून नक्कल उतरवली की डिस्क काढून ठेवायची असते. मी मान हलवली. लेक हेच करायची. त्या एका सकाळी तेवढं तिच्यानं झालं नाही, आणि नंतर आम्ही हात लावला नाही.

"फेकू नका," निघताना त्या म्हणाल्या. "कधी कधी हे लोक पकडले जातात, मग किल्ल्या बाहेर येतात. बरीच वर्षंही लागतात. नवीन डिस्क टाकून देते, जुनी सांभाळून ठेवा."

सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. त्यांनी लिहून घेतलं. तो नंबर तोवर बंद झाला होता.

नंतरचे महिने कसे गेले ते सांगणं कठीण आहे, कारण काही घडलं नाही. बायको समोरच्या खोलीत जायचीच नाही. टेबलावरची राख मी पुसायचो. कुकर लावला तर ती गॅसजवळ उभी राहायची आणि शिट्टी व्हायच्या आत बंद करायची. भात कच्चा राहायचा, पण आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही. लेक गेली तेव्हा नातेवाईक आले होते, विहारातली माणसं आली होती, कोणी जेवण आणलं, कोणी रात्री सोबतीला थांबलं. या वेळी कोणी आलं नाही. कोणाला सांगणार? कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, असं सांगितलं तर लोक म्हणतात, अरेरे, फॉरमॅट करून घ्या. एका पाहुण्यानं तर बायकोसमोरच विचारलं, "पैसे तर नाही ना गेले?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग सुटलात." ती चहाचे कप उचलून आत गेली.

मी तोवर शिकायला लागलो होतो. निवृत्तीनंतर वेळ होता, आणि हाताला काम पाहिजे होतं. नव्या डिस्कवर अँटीव्हायरस घेतला. अपडेट येऊ द्यायला शिकलो. पडद्यावर कोणी कितीही ओरडलं तरी त्यावरचा नंबर लावायचा नाही, खिडकी बंद होत नसेल तर सरळ कॉम्प्युटर बंद करायचा. कोणी फोनवर हे उघडा, ते दाबा म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा. एवढ्याशा गोष्टी होत्या. एका दुपारी शिकून झाल्या असत्या.

मग मला वाचनालय आठवलं. तिनं तिथं पाठवलेले स्वच्छ धडे कोणाकडे तरी असतील. फोन केला तर ते बंद पडलं होतं. विचारत विचारत एका मुलीचा नंबर मिळाला. ती तिथल्या धड्यांवर शिकून पदवीधर झाली होती आणि आता एका कार्यालयात टेलिफोनवर होती. मी कोण ते सांगितलं. 

"ताईंचे बाबा?" ती म्हणाली. "ताई कशा आहेत?"

तिला माहीत नव्हतं.

एका रविवारी ती बसनं आमच्याकडे आली. मी स्टॉपवर उभा होतो. पांढरी काठी, खांद्याला पर्स, चालताना माझ्या कोपराला हलकेच धरलं होतं. घरी आल्यावर तिनं पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. "सगळे आहेत. दहावीचे पूर्ण, नववीचे थोडे."

मी तो हातात घेतला आणि थांबलो. तिला ते कसं कळलं कोण जाणे. म्हणाली, "आधी स्कॅन करा काका. मी कुठं कुठं लावलाय तो. मला वाईट नाही वाटणार."

मी तपासणी लावली. पडद्यावरची पट्टी हळूहळू पुढं सरकत होती. बायको पन्हं घेऊन आली आणि बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत पलंगाच्या कडेवर टेकली. मुलीनं पेला दोन्ही हातांनी घेतला.

"मी ताईंना कधी भेटले नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, मोठ्या बाई असतील. शाळेत शिकवत असतील. इतकं समजावून वाचायच्या. दिसायला कशा होत्या त्या?"

लेक गेल्यापासून हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग सांगायला लागली. बारीक होती. सावळी. डोळे जरा पिवळसर असायचे, दुखण्यानं. केस कुरळे, तेल लावू द्यायची नाही. हसली की एका गालाला खळी पडायची. मुलगी मान किंचित कलती करून ऐकत होती, जसं कोणी धडा ऐकतं.

तपासणी संपली. काही नव्हतं. मी पहिलीच फाइल लावली, आणि खोलीत लेकीचा आवाज आला. स्वच्छ, सावकाश, पुस्तकातला. भारताच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे. बायकोनं डोळे मिटले. धडा संपेपर्यंत ती हलली नाही. कुठं अडखळणं नाही, हाक नाही, हसू नाही. 

"हा तिचा वाचायचा आवाज हाये," ती म्हणाली. "घरातला नाई."

मुलीला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. हळूच म्हणाली, "घरातला कसा होता काकू?"

 बायकोनं मांडीवरचा पदर सारखा केला, खालचा ओठ पुढं काढला आणि लेकीसारखं बोलली.

"बाबा, माहा चष्मा कुठं ठेवला जी आईनं? तिले विचारा ना! मी नाई बोलून राहिली तिच्यासंग!"

मुलगी हसली. बायकोही हसली, आणि मग तोंडाला पदर लावून रडायला लागली. माझ्यासमोर ती तोवर अशी रडली नव्हती. मुलगी पलंग चाचपत तिच्याजवळ सरकली आणि तिचा हात हातात घेऊन बसली. मी कॉम्प्युटरकडे तोंड करून बसलो, करायला काही नव्हतं तरी.

आता ते धडे माझ्याकडे तीन ठिकाणी आहेत. कॉम्प्युटरमध्ये, एका डिस्कवर कपाटात, आणि एका डिस्कवर बहिणीकडे खाप्याला. काही झालं तरी जाणार नाहीत. बायको ते फारसे ऐकत नाही. ती मुलगी मात्र अधूनमधून फोन करते आणि बायको तिच्याशी खूप वेळ बोलते, लेकीच्या गोष्टी सांगते, लेकीसारखं बोलून दाखवते.

कुलूप लागलेली जुनी डिस्क मी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. कोणत्या कुलपाच्या किल्ल्या मिळाल्या ते दाखवणारी एक जागा इंटरनेटवर आहे, दुकानातल्या बाईंनी मला दाखवली होती. मी दर महिन्याला तिथं पाहतो. आमच्या कुलपाचं नाव अजून आलेलं नाही.

भीती दुसरीच वाटते. बायको आत फोनवर लेकीच्या लकबीत बोलत असते, आणि मी बाहेर बसून ऐकतो. लेक खरंच असं बोलायची का, की तिच्या बोलण्याचं शेवटचं टोक जरा वर जायचं? मी आठवायला जातो, आणि कानात बायकोचाच आवाज येतो.